शिक्षा आणि शिक्षण : गुरुजनांच्या शिस्तीचे स्मरण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी एकत्र जमले, की गुरुजनांची आठवण निघते. आणि गुरुजनांची आठवण निघाली, की शिस्तीची आठवण आल्यावाचून राहत नाही. मुलांची शाळा आणि तिला जोडलेले वसतिगृह, पहाटेची घंटा, पौषातल्या थंडीत गार पाण्याचे स्नान, प्रार्थनेची सरळ रांग, सूर्यास्तापूर्वीची पंगत, ताटात कण न टाकण्याचा आणि ताट धुऊन पिण्याचा दंडक, रात्रीचा सक्तीचा अभ्यास, असा सारा दिनक्रम डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणी बाकावर उभे राहिल्याचे सांगतो, कोणी अंगठे धरल्याचे, तर कोणी तळहातावर उमटलेल्या छडीच्या वळाचे. साठी-सत्तरीला पोहोचलेली ही माणसे ते सांगताना मनमोकळी हसतात, आणि बहुतेकांच्या कथनाचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘सरांनी मारले, म्हणून घडलो.’

हे वाक्य कृतज्ञतेतून आलेले आहे आणि कृतज्ञता हा सद्गुण असल्यामुळे त्याचा आदर केला पाहिजे. परंतु मेळाव्यात केवळ माजी विद्यार्थी नसतात. आजचे शिक्षक, वसतिगृहाचे आजचे गृहपती, नातवाला घेऊन आलेले आजोबा आणि संस्थेची धोरणे ठरविणारे विश्वस्तही तेथे बसलेले असतात. त्यांच्या कानी पडणारे हे वाक्य आठवण म्हणून राहत नाही, ते उपदेश बनते. म्हणून ते कितपत खरे आहे, हे शांतपणे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

तपासणीची एक सोपी रीत आहे. ज्याने हे वाक्य उच्चारले, त्यालाच विचारावे, की त्या सरांनी आणखी काय केले? उत्तर लगेच मिळते. शाळा सुटल्यावर ते तासभर थांबून गणित शिकवीत, आणि त्याचा एक पैसाही घेत नसत. परीक्षेची फी भरता आली नाही, तेव्हा त्यांनी ती गुपचूप भरली. ताप आला, तेव्हा रात्रभर उशाशी बसले. वडील वारले, तेव्हा गावी येऊन आईला म्हणाले, मुलाचे शिक्षण थांबवू नका. हे ऐकल्यावर ध्यानात येते, की छडी त्या काळी जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या हाती होती. स्मरण मात्र मोजक्यांचेच होते. छडीनेच माणसे घडत असती, तर छडी चालविणारा प्रत्येक शिक्षक वंदनीय ठरला असता. तसे झालेले नाही. याचा अर्थ, घडविणारी शक्ती अन्यत्र होती आणि छडी केवळ तिच्या शेजारी उभी होती.

मराठी भाषेतील एक शब्द या बाबतीत विचार करावयास लावतो. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणे, अभ्यास करविणे. मराठीत त्याच शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला आणि शिकविण्यासाठी ‘शिक्षण’ हा शब्द वेगळा राखावा लागला. जैन परंपरेने मात्र मूळ अर्थ जपला आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत चार शिक्षाव्रते सांगितली आहेत. त्यांत सामायिक आहे, प्रोषधोपवास आहे. ती दंड म्हणून कोणी कोणावर लादत नाही. माणूस ती स्वतः स्वीकारतो आणि पुन्हा पुन्हा आचरून अंगी बाणवितो. शिस्तीचा हा अर्थ आहे : आधी स्वतः घेतलेले व्रत, आणि मग त्या आचरणाच्या सहवासात दुसऱ्याला लागलेले वळण. महाराष्ट्रातील ज्या गुरुजनांचे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्मरण केले, त्यांच्या जीवनाकडे पाहिले असता हाच अर्थ प्रत्ययास येतो.

प्रथम खानदेशातील अमळनेर पाहू. सन १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने हे तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. नाशिकच्या कारागृहात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाने त्यांना घरोघरी पोहोचविले. परंतु ‘साने गुरुजी’ ते त्याआधीच, अमळनेरच्या मुलांच्या सहवासात झाले होते. छात्रालयातील मुले खोल्या अस्ताव्यस्त टाकून शाळेत गेली, की गुरुजी स्वतः त्या झाडीत, पसरलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवीत, आजारी मुलाची शुश्रूषा आईच्या मायेने करीत, असे त्या काळाच्या आठवणींत सांगितले जाते. आपल्या गुरूने आपली खोली झाडली, याची लाज मुलाला वाटे; दुसऱ्या दिवशी तो लवकर उठून खोली आवरी. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक गुरुजी मुलांसाठी स्वतः लिहून काढीत. जो शिक्षक रोज एवढे लिहितो, त्याला ‘रोज अभ्यास करा’ असे ओरडून सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण गुरुकुलांचे. देवचंद कस्तुरचंद शहा या उच्चशिक्षित तरुणाने आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन १९१८ साली विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. हेच पुढे मुनिदीक्षा घेऊन समंतभद्र महाराज झाले. कुंभोजजवळील बाहुबली येथील ब्रह्मचर्याश्रम १९३४ साली त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला. धर्मशिक्षण आणि शालेय शिक्षण यांची सांगड घालणारी ही गुरुकुले कडक दिनक्रमासाठी प्रसिद्ध झाली. पहाटेचे उठणे, पूजन, स्वाध्याय, श्रम, साधे भोजन यांत सवलत नसे. तरीही तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी त्या कडकपणाबद्दल कृतज्ञतेने बोलतात. असे का व्हावे? मुलांना साधेपणा सांगणारा स्वतः साधा होता आणि ब्रह्मचर्य शिकविणारा स्वतः व्रतस्थ होता. नियम एकच होता आणि तो गुरूलाही लागू होता. मुलांची दृष्टी या बाबतीत फार तीक्ष्ण असते. नियमाच्या बाहेर कोण उभा आहे, हे ती पहिल्याच आठवड्यात ओळखतात.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे. परंतु ते टाळून शिस्तीचा विचार पुरा होणार नाही. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. चरित्रकारांनी नोंदविलेला हा प्रसंग समाजाने विसरू नये. तेव्हाही शिस्तीचेच नाव घेतले गेले होते. ज्यांनी तो नियम लावला, त्यांनीही तो मुलांच्या भल्यासाठी आहे, असेच मानले असणार. परंतु काळाने निर्णय दिला, की त्या दिवशी चूक नियमाची होती आणि बरोबर तो विद्यार्थी होता.

त्या विद्यार्थ्याने पुढे काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. वसतिगृह या कल्पनेवरच राग धरून तो बसला नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथेही शिस्त होती, आणि ती सौम्य मुळीच नव्हती. मुले स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि एका पंगतीला बसून जेवत. ज्या नियमाने कोल्हापुरात एका मुलाला बाहेर काढले, त्याच्या नेमका उलट नियम साताऱ्यात रोजच्या पंगतीत पाळला जात होता. आणि या शिस्तीचे मोल प्रथम कोणी मोजले? मुलांच्या शिध्याची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकामागून एक दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. ज्या घराने मुलांसाठी सौभाग्यलेणे मोडले, त्या घरातल्या माणसाने मुलाला ‘ताटात टाकू नकोस’ असे म्हटले, तर ते शब्द जन्मभर कानात राहतील, यात नवल नाही.

याच वसतिगृहातून पुढे आलेले बॅरिस्टर पां. ग. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी आपल्या गुरूचे विस्तृत चरित्र इंग्रजीत अनेक खंडांत लिहिले. माजी विद्यार्थ्याने केलेले गुरूचे स्मरण किती उंच जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय. तळहातावरच्या वळाची आठवण मेळाव्यातल्या हशाबरोबर विरून जाते. त्यागाची आठवण मात्र खंडच्या खंड लिहविते.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे. मेळाव्याला येतो कोण? जो शाळेत टिकला, उत्तीर्ण झाला, व्यापारात वा नोकरीत स्थिरावला, तो येतो. ‘सरांनी मारले, म्हणून घडलो’ असे म्हणण्याचा अवसर त्यालाच मिळतो. पण ज्याने माराच्या भीतीने सातवीतच शाळा सोडली, जो वर्गासमोर झालेल्या अपमानाने कायमचा अबोल झाला, जो रात्री वसतिगृहाची भिंत ओलांडून गावी पळाला आणि पुन्हा आला नाही, तो या मंडपात नाही. त्याची साक्ष कोणी घेतलेली नाही. केवळ तरलेल्यांनाच विचारून नदीची खोली सांगणे न्यायाचे होणार नाही.

यात जुन्या गुरुजनांवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. तुटपुंजा पगार, एकेका वर्गात दाटीवाटीने बसलेली मुले, आणि ‘चुकला तर फोडून काढा, आमची तक्रार नाही’ असे दारातच सांगून जाणारे पालक, अशा परिस्थितीत त्यांनी काम केले. मारणे हा तेव्हा अपराध समजला जात नव्हता. कर्तव्य समजले जाई. त्यांतील अनेकांनी निवृत्तीनंतर भेटलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवून ‘तुला फार लागले होते का रे?’ असे विचारले असेल. तो प्रश्न म्हणजे त्यांची आलोचनाच होती. रोज प्रतिक्रमण करणाऱ्या समाजाला त्याचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु त्या काळासाठी जी सहानुभूती, ती आजच्या काळासाठी सबब होऊ शकत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. कायद्याने छडी खाली ठेवविली, तेव्हा ‘आता शिस्त कशी राहणार?’ असा प्रश्न अनेक शिक्षकांनी आणि पालकांनी केला. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने तरी हा प्रश्न वेगळ्या रीतीने करावयास हवा होता : कायदा येईपर्यंत आपण का थांबलो? मुंगी चिरडू नये म्हणून वाट पाहून पाऊल टाकण्याची ज्यांना शिकवण, त्यांच्या संस्थेत दहा वर्षांच्या मुलावर हात उगारला जाऊ नये, हे सांगण्यास सरकारची गरज भासावयास नको होती.

छडी गेली म्हणून शिस्त गेली, असे मात्र समजू नये. मोकळे सोडून देणे ही देखील मुलाची एक प्रकारची उपेक्षाच आहे. घंटा वेळेवर झाली पाहिजे, आणि ती होण्यापूर्वी गृहपती जागे असले पाहिजेत. मोबाइल अभ्यासाच्या वेळी बाजूला राहिला पाहिजे, आणि तो शिक्षकांचाही राहिला पाहिजे. ताटात अन्न टाकू नये, आणि संस्थेच्या समारंभातील विश्वस्तांच्या पंगतीतही ते टाकले जाऊ नये. चूक करणाऱ्या मुलाला ती दुरुस्त करण्याचे काम द्यावे. त्याची लाज चारचौघांत काढू नये. हे छडीपेक्षा अवघड आहे, कारण यात शिक्षा आधी शिक्षकाने स्वतः घ्यावयाची असते. ती घेणारे गुरुजन पूर्वी होते, आजही आहेत.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांनी दोन कामे हाती घ्यावीत, अशी नम्र सूचना आहे. पहिले असे, की गुरुजनांच्या आठवणी लिहून काढाव्यात आणि लिहिताना त्यांनी किती मारले याऐवजी त्यांनी काय सोसले, हे लिहावे. पहाटे सर्वांआधी उठणारे आचारी, कंदिलाच्या काचा पुसणारे शिपाईमामा यांनाही त्यात स्थान द्यावे. तेही गुरूच होते. दुसरे असे, की शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडून, मधूनच शाळा सोडून गेलेल्या आपल्या वर्गमित्रांची नावे शोधावीत. पत्ते मिळतील त्यांच्या घरी स्वतः जावे, पुढील मेळाव्याचे निमंत्रण द्यावे, आणि ते जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. त्यांच्यापैकी एकजण जरी परत या प्रांगणात आला, तरी या महोत्सवाचे सार्थक होईल.

गुरुऋण पैशाने फिटत नाही, हारतुऱ्यांनीही फिटत नाही. गुरूने जे उत्तम दिले ते पुढच्या पिढीला द्यावे, आणि काळाच्या मर्यादेने त्याच्या हातून जे उणे झाले ते आपल्यापाशीच थांबवावे, हीच त्या ऋणाची फेड होय.