यंत्राचा भिडू



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानास बोलावले की बोनस व महागाईभत्ता ऐकावयाच्या तयारीने मंडळी येतात. आज आम्ही पत्त्यांवर बोलणार आहोत. पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी दिसतेच आहे. त्यांना एवढेच सांगतो की, २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन व शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळविले. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते.

आम्ही पत्ते शिकलो अकोल्यास, जिनातील सरकीच्या पोत्यांवर. खेळ मेंढीकोटाचा. समोरचा भिडू खाकरला की इस्पिक, मांडी बदलली की बदाम! पन्नाशीनंतर ब्रिज शिकावेसे वाटले, तर चार माणसे जमेनात. शेवटी भाच्याने मोबाईलवर ब्रिज बेस ऑनलाइन उघडून दिले. तेथे उरलेले तिन्ही खेळाडू यंत्राचे.

ब्रिजमध्ये पत्ता टाकण्यापूर्वी बोली होते. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. ‘एक बिनहुकुमी’ म्हटले की भिडूने समजावे, याच्याजवळ १५ ते १७ गुण आहेत. आमच्याजवळ होते १२. तरी आम्ही ती बोली केली. सवयच तशी! मागणीपत्रकात पंचवीस टक्के लिहावे, तेव्हा कोठे बारा पदरात पडतात. भिडूने बोली थेट तीन बिनहुकुमीवर नेली. म्हणजे ९ हात करणे आले, झाले ७. आम्ही मनात म्हटले, “काहून रे बाप्पा, एवढी बोली काहून केली?” पण त्याचे पत्ते उघडे पडले होते ते चोख १० गुणांचे. आमच्या १५ वर विसंबून त्याने पंचवीसचा हिशेब मांडला होता. तीस वर्षांच्या चळवळीत आमच्या आकड्यावर इतका सरळ विश्वास मालकांनी तर नाहीच, आमच्या समितीनेही ठेवला नव्हता.

हा भिडू ‘गिब’ नावाचा. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी रचलेला आणि १९९८ सालचा संगणकांचा जगज्जेता. झाकलेले पत्ते त्याला दिसत नाहीत. बोलीशी जुळतील अशा अनेक वाटण्या तो मनाशी मांडतो, प्रत्येक उघड्या पत्त्यांनी खेळून पाहतो आणि जो पत्ता अधिक वेळा लाभतो तो टाकतो. बोलीच खोटी असली की त्या साऱ्या वाटण्या फुकट.

नवशिक्याला मात्र तो फार मानवतो. रात्री अकराला बसा, चुकलेला पत्ता परत घ्या, त्याला आठी पडत नाही. एकदा आमच्या सभेत एका पोऱ्याने भविष्यनिर्वाह निधी म्हणजे काय, असे विचारले. आम्ही म्हणालो, “आधी वाचून ये.” तो पुन्हा आला नाही. आम्ही स्वतः शाळा सोडून, चुकतमाकत शिकलेले. तरी हे बोललो. सात हातांवर पडलेल्या त्या रात्री तो पोऱ्या आठवला.

पण चूक कोठे झाली हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. २०२२ साली पॅरिसमध्ये ‘नूक’ नावाच्या यंत्राने आठ जगज्जेत्यांवर मात केली, तीही तीन बिनहुकुमीच्याच डावांत. बोली मात्र त्या सामन्यातून वगळली होती. आमची खोड नेमकी बोलीतच, म्हणून माणसे हवीत.

हल्ली दर रविवारी संध्याकाळी अकोल्यास आमच्या कचेरीत टेबल मांडतो. जिनातले दोघे येतात. चौथी जागा रिकामी आहे. कोणास यावयाचे असल्यास बडनेऱ्याहून गाडी मिळते.