यंत्राला अनुदान, कोयत्याला काय?

श्रोतेहो, कारखाना बंद पडला की काय होतं, हे ढोकीच्या माणसाला सांगायला नको. इथला तेरणा साखर कारखाना कैक वर्षं बंद होता, तेव्हा कामगारापासून फाट्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी सोसलंय. हातचं काम जाण्याची तीच पाळी आता ऊसतोड मजुरांवर येतेय, म्हणूनच ऊसतोडणी यंत्राबद्दल आज इथून बोलतोय.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून दिवसाला दोन-अडीच टन ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. यंत्र दिवसाला शंभर टनांपर्यंत तोडतं. हिशेब तुम्हीच करा. यंत्राची किंमत कोटीच्या घरात, अन् सरकारचं अनुदान 35 लाखांपर्यंत. मजुरांच्या टोळ्या वेळेवर येत नाहीत, आगाऊ दिलेली उचल बुडते, म्हणून शेतकरी आणि कारखाने यंत्राकडे वळले. त्यांना दोष देणार नाही; तोडीविना वाळणारा ऊस कुणाला बघवतो? माझं म्हणणं एवढंच, यंत्राला अनुदान आहे, कोयत्याला काय आहे?

घरात गॅस आला म्हणून शहाणी बाई त्याच दिवशी चूल मोडत नाही. आधी शेगडी नीट पेटते का बघते, टाकी संपली तर काय, याचा विचार करते. इथं चूल मोडायला निघालोय बालाघाटाच्या डोंगरातल्या ऊसतोड मजुरांच्या कोरडवाहू घरांची, आणि टाकी पोचतेय ज्याच्याकडे आधीच चार ट्रॅक्टर आहेत त्याच्याकडे. चुलीपुढं जिचा जन्म गेला, तिनं कशावर रांधायचं?

अवधी अजून आहे, बरं का. यंत्राला चार-पाच फुटांची सरी लागते, ओल्या काळ्या रानात ते रुततं, लहान तुकड्यात वळत नाही; म्हणजे कोयता लगेच जाणार नाही. तेवढ्या अवधीत काही करता येईल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, ते हवंच. पण जे विसरलं जातं, ते सांगतो: यंत्राच्या अनुदानातच कोयत्याचा वाटा ठेवा. दहा-वीस जोड्यांच्या गटाला यंत्र द्या. चालवायला, दुरुस्त करायला तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवा. अंगावर राहिलेल्या उचलीचं काय करायचं, तेही आधीच ठरवा. काम गेलं तरी उचल मागायला मुकादम दारात येणारच.

वेळ संपल्याची खूण होतेय. एकच राहिलं. यंत्रावर चालक म्हणून नवऱ्याला घेतलं, तरी निम्मा कोयता बायकोचा होता. तिच्या हाताला काम कुठलं, याचा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही. महामंडळानं आधी तो करावा, येत्या हंगामाच्या आत.