धावपट्टी रिकामी झाली का?

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मंडळात केलेले भाषण)



दर वर्षी हळदीकुंकवाला कुणीतरी शिकलेली बाई चार शब्द सांगते. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले, तेव्हा मला वाटले, थट्टाच चालली आहे. माझी शाळा सातवीत सुटली. लोणच्यावर बोल म्हणाल्या असत्या तर एक वेळ उभी राहिले असते. पण त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे जेवताना विमानांच्या गोष्टी चालतात ना, त्याच सांगा." तेव्हा भाचीने जे सांगितले आणि मी वहीत उतरवून घेतले, ते आज वाचून दाखवते. काही चुकले तर चूक माझी, तिची नव्हे.

ही भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, प्रयागराजला विमान-वाहतुकीचे शिक्षण घेऊन आली आणि गेली दोन वर्षे आपल्या मुंबईच्या विमानतळावर टॉवरमध्ये कामाला आहे. राहते आमच्याकडे. तुम्ही तिला पहाटे डबा घेऊन स्टेशनकडे पळताना पाहिलेच असेल. विमान उडवणे हे तिचे काम नव्हे. उंच मनोऱ्यात बसून, कुणी उतरायचे, कुणी उडायचे आणि कुणी थांबायचे, हे वैमानिकांना रेडिओवरून सांगणे हे तिचे काम.

आता विमाने आपल्याला काही नवी नाहीत. घाटकोपरच्या डोक्यावरूनच ती उतरायला जातात. विमान आले की आपण तोंडातले वाक्य थांबवतो आणि ते गेले की पुढचे बोलतो. पाहुणे हसतात, आपल्याला कळतही नाही. पण त्यांच्या आत काय बोलणे चालते, याचा विचार मी जन्मात केला नव्हता. तो करायची वेळ गेल्या पावसाळ्यात आली.

आई आजारी म्हणून मी नागपूरला गेले होते. परतताना भावाने विमानाचे तिकीट काढून दिले. माझा पहिलाच विमानप्रवास. पाऊस होता, तरी मुंबई आल्यावर खाली डोंगरावरची घरे दिसू लागली, त्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसल्या. म्हटले, आले बाई आपले घर. चाके टेकणार इतक्यात इंजिनांनी असा काही आवाज केला की बस, आणि विमान नाक वर करून पुन्हा आभाळात! शेजारच्या बाईंनी रामरक्षा सुरू केली. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी माझा. थोड्या वेळाने सांगण्यात आले की पुढच्या विमानाने धावपट्टी रिकामी केली नव्हती, म्हणून फेरी घेत आहोत. वीसेक मिनिटांनी सुखरूप उतरलो, पण माझे पाय लटपटत होते. घरी आल्या आल्या मी भाचीवर उखडले. "तुमच्यातल्या कोणत्या मेल्याने आम्हाला पुन्हा वर पाठवले? आणि पुढचा तो कोण रमतगमत चालला होता?"

ती हसली नाही. म्हणाली, "मामी, ज्याने वर पाठवले त्याचे आभार मान." मग तिने ओट्यावर दोन लाटणी एकावर एक आडवी ठेवली आणि शेंगदाणे घेतले. आपल्या विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या अशा एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. कामाची म्हणाल तर एका वेळी एकच. तिच्यावर गर्दीच्या वेळी तासाला ४५ च्या आसपास विमाने, उतरणारी आणि उडणारी मिळून. २०१९ च्या जुलैमध्ये एक विमान पावसात घसरून मुख्य धावपट्टीच्या पलीकडे रुतले होते, ते आठवते का? तेव्हा ती पट्टी तीन-चार दिवस बंद राहिली आणि सगळ्या देशातली वेळापत्रके कोलमडली. एक गाडी दारात अडकली की गल्लीचे काय होते, तेच.

मग तिने हिशेब सांगितला. उतरणाऱ्या विमानाचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास. मागचे विमान साडेपाच किलोमीटर मागे असले तर आपल्याला वाटते, पुष्कळ लांब आहे. पण तेवढे अंतर ते ८० सेकंदांत तोडते. पुढच्याला टेकायला, वेग उतरवायला आणि वळून बाहेर पडायला ५० ते ६० सेकंद लागतात. उरली २०. वीस सेकंदांत काय होते, हे दूध तापवणारीला सांगायला नको. त्यातच कधी दोन उतरणाऱ्यांच्या मधल्या फटीतून एक उडणारे काढायचे असते. म्हणून पुढचा बाहेर पडला नाही की मागच्याला सरळ वर पाठवायचे. याला ते "गो अराउंड" म्हणतात. त्यात संकट काही नाही, संकट टाळण्याचीच ती रीत आहे. तिने दुसऱ्या दिवशी विचारूनही आणले: पुढच्या विमानाला ओल्या पट्टीवर ठरलेले वळण घेता आले नाही, ते पुढच्या वळणापर्यंत गेले. वैमानिकाने योग्यच केले होते. मी त्याला उगाच मेला म्हटले.

ही वळणे म्हणजे धावपट्टीला बाजूने फुटलेल्या वाटा. काही काटकोनात असतात. तिथे विमानाला सायकलीच्या वेगावर यावे लागते. काही तिरक्या काढलेल्या असतात, तिथून ताशी नव्वदच्या वेगातही बाहेर पडता येते. कोणत्या वाटेने पडायचे हे वैमानिक उतरण्याआधीच ठरवून ब्रेक तसे लावतो. म्हणून "मागे विमान आहे, लवकर बाहेर पडा" हे टॉवरने त्याला आधीच सांगायचे. चाके टेकून विमान धावत असताना, जिवावरचे काही नसेल तर त्याच्याशी बोलायचेच नाही, असा नियम आहे. मला हा नियम फार पटला. कढईत फोडणी तडतडत असते आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे किल्ल्यांची चौकशी होते!

आणि ज्याला ते वळण जमणार नसेल त्या वैमानिकाने तेव्हाच स्पष्ट "जमणार नाही" म्हणायचे. त्यात कमीपणा नाही. उलट टॉवरला वेळ मिळतो, मागच्याचा वेग कमी करायला सांगता येतो. आपण बायका "बघते, जमवते" म्हणतो आणि शेवटच्या घटकेला पाहुण्यांसमोर फजिती होते.

आणखी एक गोष्ट. धावपट्टीवरून वळले म्हणजे पट्टी रिकामी झाली, असे नव्हे. बाजूच्या वाटेवर पिवळ्या रेघा असतात. विमानाची शेपटी त्या रेघांच्या पलीकडे गेली की मगच पट्टी रिकामी. काही वैमानिक वळतात आणि आता कुठे जायचे हे विचारण्यासाठी तिथेच थबकतात. मागे शेपटी पट्टीच्या अंगाला राहते. भगिनींनो, घाटकोपरला लोकलमधून उतरून दाराशीच उभ्या राहून पर्स चाचपणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या आहेत. (मीही त्यातलीच होते.) मागच्यांनी उतरायचे कुठून? पूर्ण आत जाऊन मग विचारावे, आणि "धावपट्टी रिकामी केली" हे शब्द उच्चारून सांगावेत. रेडिओची वाट सगळ्यांची एकच असते, म्हणून मागून येणाऱ्यालाही ते ऐकू जाते.

आता या बोलण्यात काय पणाला लागलेले असते, ते सांगते. ही हकिकत तिने मला सांगितली त्या रात्री मी जेवले नाही.

२७ मार्च १९७७, रविवार. आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी स्पेनची बेटे आहेत, त्यातले एक टेनेरीफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बाँब फुटला म्हणून बरीच विमाने या लहान विमानतळावर वळवली होती. त्यांत दोन अवाढव्य जंबो विमाने होती, एक डच आणि एक अमेरिकन. विमाने उभी करून करून बाजूच्या वाटा अडून गेल्या, म्हणून जाणाऱ्यांनी धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जायचे ठरले. डच विमान टोकाला जाऊन उलटे वळून उभे राहिले. अमेरिकन विमान त्याच पट्टीवर मागून येत होते. त्याला तिसऱ्या वाटेने बाहेर पडायला सांगितले होते. इतक्यात दाट धुके उतरले. टॉवरला दोन्ही विमाने दिसेनात आणि विमानांना एकमेक दिसेनात. आता डोळे नाहीत, फक्त शब्द.

डच विमानाला पुढच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हे. ती परत म्हणून दाखवून शेवटी तिथून सांगितले गेले की आम्ही आता उड्डाणावर आहोत. टॉवरवाला समजला, उड्डाणासाठी तयार उभे आहेत. तो "ओके" म्हणाला, आणि लगेच म्हणाला की थांबा, मी सांगेन तेव्हा. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही बोलला की आम्ही अजून पट्टीवरच आहोत. एका वाटेवर दोघे एकदम बोलले की दोघांचेही नीट ऐकू येत नाही, नुसती किंकाळी येते. डच विमानात स्पष्ट पोचला तो एकच शब्द, "ओके". विमान धावायला लागले होते. त्यानंतरही टॉवरने अमेरिकन विमानाला पट्टी रिकामी झाली की कळवा म्हटले, आणि त्याने कळवतो म्हटले. हे डच विमानात ऐकू आले. तिथल्या इंजिनिअरने विचारलेही, तो अजून बाहेर पडला नाही की काय? मोठ्या अनुभवी कप्तानाने ठासून सांगितले, पडला आहे. इंजिनिअर पुढे बोलला नाही. काही क्षणांत टक्कर झाली. ५८३ माणसे गेली. डच विमानातले एकही वाचले नाही. अमेरिकन विमानातून ६१ जण वाचले.

मला त्या इंजिनिअरचे राहून राहून मनात येते. त्याला शंका आली होती. त्याने विचारलेही होते. मोठ्या माणसाने एकदा गप्प केल्यावर दुसऱ्यांदा विचारणे किती कठीण असते, ते आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे.

त्यानंतर नियम कडक झाले. "टेक-ऑफ" हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही. नुसते "ओके" किंवा "हो" हे उत्तर धरायचे नाही. पट्टीवर येणे, ती ओलांडणे, उतरणे, उडणे यांबद्दल जे सांगितले ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचे, आणि टॉवरने ते कान देऊन ऐकायचे. आमच्या घरीही आता हे सुरू आहे. दूध आत ठेवलेस का, याला "हो ग" चालत नाही. "दूध फ्रिजमध्ये ठेवले" असे म्हणावे लागते. धाकटा चिडतो, पण गेल्या चार महिन्यांत दूध नासलेले नाही.

तरीही चुका होतातच. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर असेच झाले. आदल्या दिवशीच्या भूकंपाची मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे छोटे विमान पट्टीबाहेरच्या रेघेपर्यंत जायला सांगितले असताना पट्टीवर जाऊन उभे राहिले. तुमचा पहिला क्रमांक, एवढे त्याला सांगितले होते. रांगेत पहिला, असा त्याचा अर्थ. जवळजवळ ४० सेकंद ते तिथे उभे होते आणि कुणाच्या लक्षात आले नाही. मोठे विमान त्याच्यावरच उतरले. मोठ्यातले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर निघाले. छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले. पुढे जपानात तो "पहिला क्रमांक" शब्द वापरणे थांबवले होते.

ती बातमी पाहून माझ्या नणंदेचा सांगलीहून फोन आला. भाची तेव्हा शिकतच होती. "वन्सं" म्हणून मी बोलायला लागले, तर त्या रडतच होत्या. हे काम नको, पोरीच्या एका शब्दावर तीनशे माणसे, तिला सोडायला सांगा. मलाही तेव्हा तेच वाटले, खोटे कशाला बोलू? आता स्थळे येऊ लागली आहेत. गेल्या महिन्यात एका मुलाकडची मंडळी आली. त्यांनी विचारले, रात्रपाळी किती दिवस करणार? भाचीने बशी खाली ठेवली आणि विचारले, "म्हणजे नोकरी सोडावी असे तुमचे म्हणणे आहे का?" त्या बाई "तसे काही नाही, बघू" म्हणाल्या. भाचीने पुन्हा विचारले, "बघू म्हणजे हो की नाही?" मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले. नणंदेने कपाळाला हात लावला. मंडळी गेल्यावर तिला मी पुष्कळ बोलले. पण रात्री पडल्या पडल्या वाटले, तिने विचारले ते बरेच केले. माझ्या वेळी सगळ्यांनी "बघू" म्हटले होते, आणि मी सातवीनंतर शाळेत जाणार का, हे मला कुणी कधी विचारलेच नाही, आणि मीही विचारले नाही.

ते स्थळ अजून मोडलेले नाही. मुलाचा त्यानंतर स्वतःहून फोन आला होता. त्याने स्पष्ट "सोडायची नाही" असे सांगितले, असे भाची म्हणते. त्याच्या आईचे उत्तर यायचे आहे.

तिची आज दुपारपाळी आहे, म्हणून ती आली नाही. मधाशी मी बोलत असताना जी तीन-चार विमाने गेली, त्यांतल्या एखाद्याशी ती बोललीही असेल. कुणाला काही विचारायचे असेल तर चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्या. तिला विचारून पुढच्या सभेला सांगेन. आणि तिळगूळ घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.