हुप स्पर आणि टायरोन्झा



कापसाचा हिशेब मागितला म्हणून माणसं मारली गेली, त्या मुलखाची गोष्ट आज आम्ही मांडतो आहोत. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातलं एलेन. १९१९ साली कापसाला भाव चढा होता. पण पिकवणारे बहुतेक काळे वाटेकरी. उधारी मालकाच्या दुकानातून, वही मालकाच्या हातात, आणि माल काय भावाने विकला हे विचारायची सोय नाही. (ही वही ओळखीची वाटली तर नवल नाही.) त्यांनी संघटना बांधली, हिशेबासाठी एक गोरा वकील गाठला.

३० सप्टेंबरच्या रात्री हुप स्परच्या चर्चमध्ये बैठक चालू असताना बाहेर गोळीबार झाला. एक गोरा मेला. दुसऱ्या दिवसापासून हत्यारबंद गोऱ्यांच्या टोळ्या सुटल्या, मागोमाग सरकारी फौज आली. गोरे पाच मेले. काळे किती, ते कोणी मोजलंच नाही. इतिहासकार शंभरापासून दोनशेच्या वर आकडा सांगतात. फाशीची शिक्षा १२ जणांना झाली, बाराही काळे. खून करणाऱ्या एकाही गोऱ्यावर खटला नाही. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने जमावाच्या धाकाखालच्या या न्यायावर बोट ठेवलं, आणि १९२५ पर्यंत बाराही जण सुटले.

बंदुका घेऊन आलेले सगळे काही मळ्यांचे मालक नव्हते. आम्हाला सलतं ते हे.

त्याच राज्यात टायरोन्झाला जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ काळे वाटेकरी एकत्र बसले. कापसाचं क्षेत्र घटवायला सरकारने पैसा दिला होता. तो मालकांनी ठेवला आणि कुळांना हाकललं, गोऱ्यांनाही. संघटना एक करायची की दोन? एलेनमधून वाचलेला एक म्हातारा काळा उठला. दोन केल्या तर मालक एकीला दुसरीवर घालील, असं त्याचं म्हणणं. एकच झाली. पुढे एका काळ्या प्रचारकाला मारून तुरुंगात टाकलं, तेव्हा गोरे सभासद वकील घेऊन कोर्टात जाऊन बसले. तो सुटला. १९३५ च्या संपात वेचणीची मजुरी वाढली, पण आमच्या लेखी कोर्टातला तो दिवस मोठा.

आता आपला ठराव. कोणत्याही गावात कुठल्याही वस्तीवर हात उचलला गेला, तर मार खाणारा सभासद असो नसो, तालुक्यातले चार कार्यकर्ते त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जातील. चारांतले दोघे तरी मारणाऱ्यांच्याच जातीचे हवेत. तालुकावार नावं जेवणाच्या सुट्टीआधी लिहून द्या.