हाड कठीण कशानें होतें?

कोंबडीच्या तंगडीचें एखादें हाड कांहीं दिवस शिरक्यांत बुडवून ठेवावें. त्यांतील खनिज विरघळून जातें, आणि मागें जें उरतें तें आकारानें हुबेहूब हाडच, परंतु ओल्या वेतासारखें वाकणारें! दुसरें हाड पांढरें होईपर्यंत निखाऱ्यांत भाजावें. आकार त्याचाही मोडत नाहीं, पण जरा दाबलें कीं त्याचा भुगा होतो. पहिल्यांत उरलें तें कोलॅजन नांवाचें प्रथिन. दुसऱ्यांत, कॅल्शियम व फॉस्फेट यांचें खनिज. वाळलेल्या हाडाच्या वजनांत सुमारें दोन-तृतीयांश भाग या खनिजाचा असतो. तेव्हां हाड म्हणजे बहुतेक दगडच, असा समज होणें स्वाभाविक आहे. पण हा दगड स्वतःच्या मर्जीनें वाढत नाहीं.

याच जातीचा ॲपेटाइट खाणींत सांपडतो, तेव्हां त्याचे स्फटिक हातांत धरण्याजोगे असतात. हाडांतील स्फटिक मात्र चपट्या पापुद्र्यासारखे, मिलिमीटराच्या केवळ कांहीं दशलक्षांश जाडीचे. कोलॅजनच्या तंतूंत ठराविक अंतरावर ज्या फटी राहतात त्यांत हे प्रथम बसतात. अर्थात् सांचा अगोदर, ओतकाम मागाहून. शिवाय लिंबास आंबटपणा देणाऱ्या सायट्रिक आम्लाचा क्षारही येथें आहे. शरीरांतील या द्रव्याचा बहुतेक सांठा हाडांतच असतो, हें डिकन्स यांनीं 1941 सालीं दाखविलें. पण तें तेथें काय करतें, हा प्रश्न बराच काळ मागें पडला. 2010 मध्यें अमेरिकेंतील आयोवा येथील संशोधकांस तें स्फटिकांच्या पृष्ठभागास घट्ट चिकटलेलें आढळलें. स्फटिक जाड होऊं न देणें हें त्याचें काम असावें, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

खनिज जमविण्याइतकेंच तें अडविणेंही शरीरास अवश्य आहे; नाहींतर रक्तवाहिन्याही दगडाच्या होतील! ही अडवणूक पायरोफॉस्फेट नांवाचा एक लहानसा रेणू करतो. हाडांत एक विकर त्यास फोडून वाट मोकळी करतें. त्या विकराचा हाडांशीं असलेला संबंध लंडन येथें रॉबिसन यांनीं 1923 मध्यें प्रथम मांडला.

हें विकर जन्मतःच दुबळें असलें तर? 1948 सालीं कॅनडांतील डॉक्टर रॅथबन यांनीं अशा एका तान्ह्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तें मूल वांचलें नाहीं. या रोगांत रक्तांत कॅल्शियम भरपूर, कित्येकदां प्रमाणाबाहेर असतें; तरी बरगड्या इतक्या मऊ राहतात कीं श्वास घेणेंही कठीण व्हावें. अशा बालकास अधिक कॅल्शियम पाजणें निरुपयोगी, किंबहुना घातकच.

यावरील औषध 2015 मध्यें मान्य झालें. तें म्हणजे कृत्रिम रीतीनें बनविलेलें तेंच विकर. रक्ताबरोबर फिरतांना तें हाडाशींच थांबावें म्हणून त्यास ॲस्पार्टिक आम्लाच्या दहा रेणूंची एक शेपटी जोडलेली असते. ती खनिजास चिकटते. आठवड्यांतून अनेक वेळां हें औषध कातडीखालीं टोंचावें लागतें, आणि तीव्र रोग झालेलीं कित्येक बालकें त्यायोगें आज वांचत आहेत.