एपिसोड: लोकेशन मागू नका, प्लीज!

[पाण्याचा आवाज]

ऐकू येतंय का? हा आवाज मी मोबाइलवरच रेकॉर्ड केलाय. राजापूरजवळच्या एका वाडीच्या मागे, सड्याच्या कडेवरून एक पऱ्या खाली उडी मारतो. उंची म्हणाल तर दुमजली घराएवढी. खाली छोटीशी कोंड. बास, एवढंच. नकाशावर नाव नाही, पाटी नाही, भजीची गाडी नाही.

आधी थोडं राजापूरबद्दल. आज शांत वाटणारं हे खाडीकाठचं गाव एकेकाळी मोठं बंदर होतं. इंग्रजांची इथे वखार होती आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी केली, ती याच गावावर. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि गलबतं यायची बंद झाली. आता पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या फुगल्या, की जवाहर चौकात पाणी शिरतं आणि तेवढ्यापुरतं गाव बातम्यांत येतं.

तर आपला धबधबा. कोकणात वर सपाट जांभ्या दगडाचा सडा असतो, तो पाहिलाय ना तुम्ही? याच राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं काही पाणी त्याच्या भेगांतून झिरपतं, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतं आणि मग उताराला झरा होऊन बाहेर येतं. म्हणून पाऊस थांबल्यावरही असे पऱ्ये काही काळ वाहत राहतात. पण सड्याचा वरचा थर कडक. जोराची सर आली की उरलेलं पाणी थांबत नाही, थेट कडेकडे धावतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कबुली. गेल्या जुलैमध्ये मी या धबधब्याचं रील टाकलं. लोकेशनसकट! व्ह्यूज बघून हवेत होतो. पंधरा दिवसांनी परत गेलो, तर कोंडीत चिप्सची पाकिटं आणि काठावर फुटलेल्या बाटल्या. वाडीतल्या एका काकूंच्या पायाला पट्टी. काच लागली होती. त्या रागावल्या नाहीत हो, चहा दिला. फक्त एवढंच म्हणाल्या, "बाळा, ह्याच पाण्याची नळी आमच्या घरात येते रे."

मला कपातला चहा संपवता येईना. कारण तोही त्याच पाण्याचा होता.

घरी येऊन रील डिलीट केलं. पण खरं सांगू? एकदा शेअर झालेलं डिलीट होत नाही. पुढच्या रविवारी दोन मित्रांना घेऊन गेलो आणि तीन पोती कचरा काढला. काचा अजूनही सापडतात.

आणि हे फक्त कचऱ्यापुरतं नाहीये. 30 जून 2024 ला लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं आणि बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर काही दिवसांतच माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओसाठी गेलेली एक मुलगी दरीत कोसळली. छोटा धबधबा म्हणजे सुरक्षित धबधबा, असं अजिबात नाही. तुमच्या डोक्यावर पाऊस नसेल, पण वर सड्यावर कोसळत असेल तर?

म्हणून तीन गोष्टी. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला, की लगेच बाहेर. फोटो नंतर. दुसरं, शेवाळ धरलेल्या कातळावर कडेला जायचं नाही. तिसरं, आधी वाडीत विचारायचं. कुठे उतरायचं, कुठे नाही, हे त्यांच्याइतकं कोणत्याच अ‍ॅपला माहीत नसतं.

आता तुम्ही मेसेज करणार, "दादा, लोकेशन पाठव ना!" नाही पाठवणार. त्यापेक्षा तुमच्या आजोळी जा आणि आजीला विचारा, लहानपणी तुम्ही कुठे डुंबायचात? प्रत्येक गावात असा एखादा पऱ्या असतोच. तो सापडला की मला त्याचा आवाज पाठवा. फक्त आवाज. पत्ता तुमच्याकडेच ठेवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!

[पाण्याचा आवाज]