मुळी पुरचुंडीत ठेवा, माणूस दवाखान्यात न्या
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलत नाही. वेचणी करताना, कडब्याची गंजी उपसताना, रात्रीच्या विजेवर पाणी धरताना जो साप पायाखाली येतो, त्याच्यावर बोलायचे आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक आपल्यासारखीच, खेड्यातली.

आमच्या गावात ज्वारीच्या खळ्यावर राखणीला निजलेल्या गड्याला मण्यारने दंश केला. फारसे दुखले नाही, सुजले नाही. मुळी उगाळून पाजली. पहाटे पापण्या मिटल्या, जीभ जड झाली, श्वास थांबला.

मुळी देणारा लबाड नव्हता. त्याच्या हातून पूर्वी माणसे 'वाचली' होती. पण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी दात रोवतो पण विष सोडत नाही. अशा माणसाला काहीही पाजा, तो जगतोच. नाव मात्र मुळीचे होते.

झाडपाल्याला मी अडाणीपणा म्हणत नाही. सर्पगंधेतूनच १९५२ साली रक्तदाबाचे औषध निघाले. अनंतमुळातले द्रव्य घोणसाच्या विषाचे काही परिणाम रोखते, असे प्रयोगशाळेत प्राण्यांवर दिसले आहे. संशोधन व्हायलाच हवे. पण साप चावलेला माणूस वाचतो, असे अजून एकाही वनस्पतीबाबत सिद्ध झालेले नाही. उलट सापसणातल्या आम्लाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि घोणसाचे विष आधीच त्यांच्यावर घाव घालते.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तापासून बनते. उतारा तोच. तो वेळेवर मिळाला पाहिजे. मुळी शोधण्यात जातो तो वेळ, आणि वेळ म्हणजे जीव.

दंश झाला तर चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. माणसाला चालवू नका. हातापायाला फळी बांधा आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

२०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा आराखडा केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केला. आराखडा दिल्लीत आहे, साप धुऱ्यावर आहे. म्हणून इथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा : लस आहे का? किती कुप्या? रात्री टोचणारा डॉक्टर कोण? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. साप चावल्यावर हे विचारायला सवड नसते.